पदवीसाठी पोहण्याची अट आणि पाण्याची भीती: अमेरिकेला जाण्यापूर्वी काय तयारी करावी?

प्रश्न: धानपट्ट्यातली (लाखांदूर तालुका, जि. भंडारा)

नमस्कार. मी लाखांदूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाले असून अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या कृषी आणि जीवविज्ञान महाविद्यालयात मला प्रवेश मिळाला आहे. भारतीय विद्यार्थ्यांसाठी तेथे असलेली टाटा शिष्यवृत्ती मिळाली म्हणूनच हे घडले. एरवी आमच्या थोड्याशा धानाच्या भरवशावर नागपूरचे वसतिगृहसुद्धा जड गेले असते. ऑगस्टमध्ये निघायचे आहे. पासपोर्ट, व्हिसा, लसीकरणाचे दाखले ही कामे मार्गी लागली आहेत. अडले आहे ते भलत्याच ठिकाणी.

विद्यापीठाने पाठवलेल्या माहितीत शारीरिक शिक्षणाच्या अटींखाली असे लिहिले आहे की, पहिल्या वर्षाला येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने पोहण्याची चाचणी द्यावी आणि तीत ७५ यार्ड पोहून दाखवावे. घरी हे वाचून दाखवल्यावर आजी म्हणाली, "तू तिकडं शेती शिकाले चालली का मासोळ्या धराले?" सगळे हसले, मीही हसले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्या गावाला मोठा मामा (माजी मालगुजारी) तलाव आहे. मुलगे म्हशींच्या शेपट्या धरून त्यात पोहायला शिकतात, मुली घाटावर कपडे धुतात. मी चौथीत असताना पोळ्याच्या दिवशी बैल धुवायला गेलेला आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा, पाळीसाठी, म्हणजे तलावाच्या बांधासाठी, माती काढल्यामुळे तयार झालेल्या खड्ड्यात गेला. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या माणसांनी त्याला दिवस मावळताना बाहेर काढले, तेव्हा बैलाचा कासरा त्याच्या मनगटाला तसाच गुंडाळलेला होता. मी पाळीवर उभी होते. तेव्हापासून मी घाटाच्या शेवटच्या पायरीवर कधी उतरले नाही, आणि डोक्यावरून तांब्याने पाणी घेतानाही मी आजवर श्वास रोखून धरते.

जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. पोहता आले नाही तर प्रवेश किंवा शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते काय? हाती असलेल्या अडीच महिन्यांत इथेच शिकून घ्यावे, की तिथे गेल्यावर पाहावे? आणि ज्या माणसाला तोंडावर पाणी आलेले सहन होत नाही, त्याला वयाच्या अठराव्या वर्षी पोहणे शिकता येते का?

उत्तर: वणीकर

सर्वप्रथम मनापासून अभिनंदन. मी यवतमाळ जिल्ह्यातला; कॉर्नेलमध्येच शिकलो आणि तिथे जाण्यापूर्वी निर्गुडेच्या गुडघाभर पाण्यापलीकडे माझी मजल गेलेली नव्हती. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःशंकपणे देतो. प्रवेश रद्द होत नाही आणि शिष्यवृत्तीला धक्का लागत नाही. ही अट प्रवेशासाठी नसून पदवीसाठी आहे, म्हणजे ती शिक्षण चालू असताना पूर्ण करायची असते.

चाचणीचे स्वरूप साधे आहे. पाण्यात पाय खाली ठेवून उतरायचे किंवा उडी घ्यायची आणि सलग ७५ यार्ड जायचे: पहिले २५ यार्ड पोटावर, पुढचे २५ पाठीवर आणि शेवटचे २५ आपल्याला जमेल त्या पद्धतीने. वेळेचे बंधन नाही, शैलीला गुण नाहीत. ७५ यार्ड म्हणजे सुमारे साडेअडुसष्ट मीटर. कबड्डीच्या मैदानाची लांबी १३ मीटर असते हे लक्षात घेतले तर हे अंतर किती आहे याचा अंदाज येईल. डोंगराएवढे ते नक्कीच नाही.

ज्यांना पोहता येत नाही त्यांच्यासाठी नवशिक्यांचा वर्ग असतो, आणि लोकांना जी गोष्ट ठाऊक नसते ती ही की, पदवीसाठी शारीरिक शिक्षणाचे जे दोन क्रेडिट तुम्हाला एरवीही मिळवावेच लागतात त्यांतच हा वर्ग धरला जातो. दुसरा एखादा विद्यार्थी जिथे बॅडमिंटन किंवा योग निवडतो तिथे तुम्ही पोहणे निवडायचे, एवढाच फरक. चाचणीच्या दिवशी तिथल्या माणसांना सरळ सांगावे की मला पोहता येत नाही. कोणी भुवया उंचावत नाही, कारण तसे सांगणाऱ्यांची रांग चांगली लांब असते; माझ्या वर्गात शांघायच्या उंच इमारतींत वाढलेले, केनियाच्या कोरड्या भागातून आलेले आणि खुद्द न्यूयॉर्क शहरातले असे सगळेच होते. सुरुवातीला आम्ही तलावाच्या काठावर बसून नुसते पाय हलवत होतो, आणि प्रशिक्षिका स्वतः पाण्यात उभी राहून एकेकाला नावाने हाक मारून आत घेत होती. काठावरून हुकूम सोडणारी ती नव्हती, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

ही अट आली कुठून, याविषयी तिथे गेल्यावर तुम्हाला एक गोष्ट हमखास ऐकायला मिळेल. १९१२ साली टायटॅनिक बुडाली तेव्हा हार्वर्डचा हॅरी वाइडनर हा माजी विद्यार्थी मरण पावला, त्याच्या आईने त्याच्या स्मरणार्थ हार्वर्डला ग्रंथालय बांधून दिले आणि त्याबदल्यात प्रत्येक विद्यार्थ्याला पोहता आलेच पाहिजे अशी अट घातली, अशी ती गोष्ट आहे. ग्रंथालय खरे आहे, मृत्यूही खरा आहे. अट मात्र निव्वळ दंतकथा आहे. वस्तुस्थिती अशी की पोहणे हा शिक्षणाचा भाग असावा हा विचार अमेरिकेत फार जुना आहे. अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने १७४९ साली पेनसिल्वेनियातील तरुणांच्या शिक्षणाविषयी जी योजना मांडली, तीत धावणे, उड्या मारणे आणि कुस्तीबरोबर पोहण्याचाही उल्लेख आहे. पुढे विसाव्या शतकात, विशेषतः महायुद्धांच्या काळात, अनेक महाविद्यालयांनी ही अट घातली आणि नंतर बहुतेकांनी ती काढून टाकली. डार्टमथ महाविद्यालयाने तर अलीकडे, २०२२ साली काढली. एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत १०० यार्ड पोहावे लागते किंवा वर्ग करावा लागतो. कोलंबिया विद्यापीठात कला-विज्ञानाच्या महाविद्यालयाला ७५ यार्डांची अट आहे आणि अभियांत्रिकीला नाही. त्यावर तिथला विनोद असा की, विद्यापीठ ज्यावर आहे ते मॅनहॅटन बेट बुडू लागलेच तर अभियंते पूल बांधून निघून जातील.

या अटीवर टीकाही होते आणि ती मला बऱ्याच अंशी पटते. अमेरिकेत वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांना अनेक सार्वजनिक जलतरण तलावांत प्रवेश नव्हता, त्याचे परिणाम पिढ्यानपिढ्या टिकले. अशा घरातून आलेल्या मुलावर पोहण्याची सक्ती करणे म्हणजे ज्याला संधी मिळाली नाही त्यालाच पुन्हा तास भरायला लावणे, असे टीकाकार म्हणतात. परंतु आपल्या बाजूने पाहिले तर चित्र थोडे वेगळे दिसते. ज्या जिल्ह्याची ओळखच तलावांचा जिल्हा अशी आहे, तिथल्या शाळेने तुम्हाला बारा वर्षांत पोहायला शिकवले नाही आणि सातासमुद्रापलीकडचे एक विद्यापीठ ते शिकवून वर क्रेडिट देत आहे. मी तुमच्या जागी असतो तर इथे घाईघाईने काही न करता तिथल्या वर्गात नाव घातले असते.

उत्तर: निवृत्त क्रीडाशिक्षक, वर्धा जिल्हा

वणीकरांनी दिलेली माहिती उत्तम आहे, परंतु त्यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. नवा देश, नवी भाषा, थंडी, अभ्यासाचा ताण आणि त्यात ही भीती, असे सगळे एकदम अंगावर घेण्याचे कारण नाही. बेटा, ७५ यार्ड पोहण्याचे काम तिथल्या वर्गावर सोड. पण पाण्याशी तोंडओळख इथेच करून जा. त्यासाठी अडीच महिने पुष्कळ झाले.

मी नोकरीच्या काळात मोठ्या वयाच्या अनेकांना, त्यात आपल्याच शाळेतल्या शिक्षिकांनाही, पाण्यात उतरवले आहे. भित्र्या माणसाला पोहणे शिकवायला घेतले की बहुतेक प्रशिक्षक हात कसा मारायचा इथून सुरुवात करतात, आणि तिथेच फसतात. घाबरलेल्या माणसाच्या मनात एकच प्रश्न असतो: माझे पाय सुटले तर मी पुन्हा उभा कसा राहणार? त्याचे उत्तर त्याच्या अंगात भिनल्याशिवाय बाकी काहीही शिकवू नये. म्हणून माझ्याकडे पहिला धडा उभे राहण्याचा असे.

तो असा. छातीच्या खाली येईल एवढ्याच पाण्यात उभे राहायचे, कठड्याला दोन्ही हातांनी धरायचे, अंग पोटावर सैल सोडायचे. पाय वर येतात. आता उभे राहायचे तर घाबरलेला माणूस काय करतो? मान वर उचलतो आणि पाय सरळ खाली रेटतो. त्याने कंबर ताणली जाते, पाय तळाला लागत नाहीत आणि तोंडात पाणी जाते. त्याऐवजी दोन्ही गुडघे पोटाशी ओढून घ्यायचे, हातांनी पाणी खाली दाबायचे, अंग आपोआप उभे होते, मग पाय खाली सोडायचे आणि सर्वांत शेवटी डोके वर काढायचे. गुडघे, हात, पाय, डोके, हाच क्रम. आधी कठडा धरून, मग एक हात सोडून, मग प्रशिक्षकाच्या हाताला धरून आणि शेवटी कोणालाही न धरता हे इतके करायचे की त्यासाठी विचार करावा लागू नये. पाठीवर तरंगताना उठायचे असेल तर हनुवटी छातीकडे आणायची आणि गुडघे तसेच पोटाशी घ्यायचे. ज्या दिवशी शिकणारा स्वतःहून "सर, आता थोडं पुढं जाऊ का?" असे विचारतो, त्या दिवशी भीतीचा कणा मोडलेला असतो.

श्वासाचे काम घरी सुरू करता येते. तू श्वास रोखून धरतेस असे लिहिले आहेस. भीतीचे निम्मे मूळ तिथेच आहे. श्वास रोखला की शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि जीव कासावीस होतो तो प्रामुख्याने त्या वायूमुळे. माणसाला मात्र वाटते की पाण्यामुळे गुदमरतो आहे. एक मोठे घमेले किंवा परात पाण्याने भरून स्टुलावर ठेव. तोंडाने श्वास घे, ओठ पाण्याला टेकव आणि हळूहळू फुंकत बुडबुडे काढ. ते सवयीचे झाले की नाक बुडेपर्यंत जा आणि नाकाने बुडबुडे काढ. नाकातून हवा बाहेर येत असेल तर पाणी आत शिरू शकत नाही, हे पुस्तकात वाचून पटत नाही, परातीत पटते. त्यानंतर डोळे उघडे ठेवून तळाशी टाकलेली नाणी मोज. घरातली लहान मुले हसतील, त्यांनाही खेळायला घे.

तरंगण्याविषयी दोन शब्द. छातीत हवा भरलेली असताना माणसाच्या शरीराची घनता पाण्यापेक्षा किंचित कमी असते, आणि श्वास पूर्ण सोडल्यावर ती बहुतेकांची किंचित जास्त होते. म्हणजे तरंगायचे की बुडायचे याचा निर्णय छातीतल्या हवेवर होतो, हातपाय झाडण्यावर नाही. शरीर पाण्यात तराजूसारखे वागते: डोके वर उचलले की पाय खाली जातात, डोके पाण्यावर सैल टेकवले की पाय वर येतात. घाबरलेला माणूस नेमके उलटे करतो, म्हणून बुडतो.

वणीकरांनी फ्रँकलिनचा उल्लेख केला म्हणून सांगतो, त्याने पोहणे शिकू पाहणाऱ्या एका मित्राला पत्रातून जी युक्ती सांगितली ती मी वर्षानुवर्षे वापरली आहे. छातीएवढ्या पाण्यात जायचे, काठाकडे तोंड करून वळायचे आणि आपण व काठ यांच्यामध्ये एक अंडे पाण्यात टाकायचे. ते पांढरे असल्याने तळाशी दिसते. मग डोळे उघडे ठेवून ते उचलायला खाली जायचे. खाली जाण्याचा प्रयत्न केला की कळते, पाणी आपल्याला खाली जाऊच देत नाही, उलट वर ढकलते. आपण बुडू असे ज्याला वाटत होते त्याला बुडण्यासाठी कष्ट करावे लागतात, हा अनुभव हजार व्याख्यानांनी येत नाही. मी अंड्याऐवजी स्टीलची वाटी टाकत असे. काठाकडे तोंड करण्यातले मर्मही पाहा: प्रत्येक पाऊल उथळ पाण्याकडेच पडते.

हे सगळे जलतरण तलावात करायचे, गावच्या तलावात मुळीच नाही. नागपुरात एखाद्या नातेवाइकाकडे राहण्याची सोय होत असेल तर तिथे महिलांसाठी वेगळी वेळ असलेले तलाव मिळतील. अमरावतीला १९१४ पासून शारीरिक शिक्षणाचे काम करणारे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, तिथेही चौकशी करावी. नाव घालण्यापूर्वी एकदा नुसते पाहायला जा. उथळ बाजूची खोली लिहिलेली आहे का, जीवरक्षक मोबाइलमध्ये मान घालून बसलेला तर नाही ना, आणि प्रशिक्षक रडणाऱ्या मुलाला ढकलतो की थांबतो, एवढे पाहा. ढकलणारा दिसला तर पैसे भरू नकोस.

उत्तर: तलावाकाठचा (ता. अर्जुनी मोरगाव)

सरांचा मान राखून वेगळे मत मांडतो. आमच्या पिढीने घमेल्यात तोंड घातले नाही आणि वाटीही शोधली नाही. पाठीला तुंबा, म्हणजे वाळलेला पोकळ भोपळा, बांधायचा, कमरेला दोर, आणि मोठ्या भावाने विहिरीत सोडायचे. चार दिवस नाकातोंडात पाणी गेले, पाचव्या दिवशी तुंबा सोडला. आजही आमच्या भागातली ढिवरांची मुले अशीच शिकतात आणि त्यांच्यासारखे पोहणारे शहरात सापडणार नाहीत. एवढी चिकित्सा केली की भीती वाढते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मात्र एका बाबतीत सरांशी पूर्ण सहमत आहे. या मुलीने मामा तलावात उतरू नये. मे महिन्यात पाणी खाली जाते तेव्हा गाळात पाय मांडीपर्यंत रुततो, कुठे शिंगाड्याचे वेल, कुठे कमळाचे देठ पायाला गुंडाळतात, आणि पाऊस लागला की माती काढलेले खड्डे वरून दिसत नाहीत. जुन्या काळी गाळ नियमाने निघायचा आणि कुठे किती खोल आहे हे गावाला पाठ असायचे. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि आता गाळमाती कोण कुठून उचलून नेतो याचा हिशोब कोणाकडे नाही.

उत्तर: निवृत्त क्रीडाशिक्षक, वर्धा जिल्हा

तुंब्याने माणसे शिकली हे मी नाकारत नाही. परंतु त्या पद्धतीने जे शिकले तेच आज सांगायला पुढे येतात. जे पहिल्या दिवशी घाबरून घरी पळाले आणि जन्मात पुन्हा पाण्याकडे फिरकले नाहीत त्यांची गणती कोणी ठेवत नाही. सात वर्षांच्या मुलाला भावाचा धाक पुरतो. जिने बुडालेला मुलगा डोळ्यांनी पाहिला आहे तिला दोर बांधून विहिरीत सोडणे हा शिकवण्याचा प्रकार नव्हे. शिवाय पाठीवरचा तुंबा शरीराला मधूनच उचलून धरतो, त्यामुळे स्वतःच्या छातीतल्या हवेवर विसंबायची सवय लागत नाही आणि तुंबा सुटल्यावर सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते.

उत्तर: गोंदियाची समुपदेशक

मी ग्रामीण भागात समुपदेशनाचे काम करते. क्रीडाशिक्षक सर जे सांगत आहेत त्याला आमच्या क्षेत्रातही भक्कम आधार आहे. भीतीच्या वस्तूकडे पायरीपायरीने, शरीर सैल ठेवून जावे ही पद्धत मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली सविस्तर मांडली आणि तिची सुधारित रूपे आजही वापरली जातात. या सुधारित रूपांतला एक नियम प्रश्नकर्तीने आवर्जून पाळावा. भीती अगदी शिगेला पोहोचलेली असताना पाण्यातून पळून बाहेर येऊ नये. त्याने मेंदू एवढेच शिकतो की पळालो म्हणून वाचलो. त्याच पायरीवर, कठडा धरून, श्वास सोडत थांबावे, भीती थोडी ओसरू द्यावी आणि मग बाहेर यावे. म्हणूनच पायऱ्या लहान हव्यात. तुझी पहिली पायरी जलतरण तलावाच्या काठावर खुर्ची टाकून बसणे ही असली तरी चालेल, आणि तांब्याने पाणी घेताना श्वास रोखण्याऐवजी तोंडाने हलकेच सोडत राहणे ही तर आजच सुरू करता येईल.

दुसरे असे की, तुझ्या भीतीत पोहता न येण्याची भीती आणि चौथीत पाहिलेल्या घटनेचे दुःख असे दोन धागे एकत्र आले आहेत. पहिला धागा प्रशिक्षक सोडवील. तो प्रसंग अजूनही स्वप्नात येत असेल, पाण्याजवळ गेल्यावर तो डोळ्यांसमोर पुन्हा घडत असल्यासारखा वाटत असेल, तर दुसऱ्यासाठी स्वतंत्रपणे बोलावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे; १४४१६ या क्रमांकावर फोन विनाशुल्क लागतो आणि मराठीत बोलता येते. अमेरिकेला जाण्यापूर्वी विद्यापीठाच्या शारीरिक शिक्षण विभागालाही दोन ओळींचा ईमेल करून हा प्रसंग कळवून ठेव. त्यात कमीपणा काही नाही. ज्या प्रशिक्षिकेला हे ठाऊक असेल ती तुला अधिक सांभाळून घेईल.

घरच्यांचा आक्षेप कपड्यांविषयी असेल, असे अनुभवावरून वाटते. तू लिहिले नाहीस, तरी सांगते. मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा, नायलॉनसारख्या कापडाचा पोहण्याचा पोशाख मिळतो. सुती सलवार-कुर्ता मात्र पाण्यात जड होतो, हवा भरून फुगतो आणि पायात अडकतो, म्हणून तो घालून उतरू नये. बहुतेक तलावांवर परवानगीही देत नाहीत. आईला एकदा सोबत नेऊन महिलांची बॅच दाखव. आपल्याकडे न पाहिलेल्या गोष्टीला नकार जास्त मिळतो. पाळीच्या दिवसांत काय करायचे हा प्रश्नही मुली विचारत नाहीत आणि मग आठवडाभर दांडी मारतात. सॅनिटरी पॅड पाण्यात उपयोगाचे नाही; टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप चालतो, आणि ते नको असेल तर त्या दिवसांत काठावर बसून श्वासाचा सराव करावा.

प्रश्नकर्ती: धानपट्ट्यातली

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावर घरातले वातावरण निवळले. नागपूरला मावशीकडे जूनभर राहायचे ठरले आहे आणि परातीचा सराव सुरू केला आहे. ओठ टेकवून फुंकणे जमते, नाक बुडवताना अजून मान आपोआप मागे जाते. तलावाकाठचे काका, आपले म्हणणेही समजले; आपल्याला होता तसा मोठा भाऊ मला नाही, एवढेच.

तीन शंका उरल्या आहेत. मला दूरचे दिसत नाही, उणे चारचा चष्मा आहे. चष्म्याशिवाय काठ अंधुक दिसतो आणि त्याने धीर सुटतो. दुसरे, पाठीवर तरंगताना कान पाण्यात जातात, त्याचे काय? आणि तिसरे म्हणजे, उडी मारावीच लागते का?

उत्तर: वणीकर

चष्म्याच्या नंबरचे पोहण्याचे गॉगल मिळतात. दोन्ही डोळ्यांचा नंबर जवळपास सारखा असेल तर तयार मिळणारे उणे चारचे गॉगल चालतात. नागपुरात खेळाच्या साहित्याच्या मोठ्या दुकानांत विचारा किंवा ऑनलाइन मागवा. इथून घेऊन गेलात तर तिथे डॉलर मोजावे लागणार नाहीत. उडीविषयी सांगायचे तर, वर्ग करणाऱ्याला पहिल्या दिवशी कोणीही उडी मारायला लावत नाही. ती शेवटी येते, आणि तोपर्यंत पाण्याखाली डोके नेऊन वर येण्याची सवय झालेली असते. थेट चाचणी देणार असाल तर मात्र आधी ठरवून ठेवा की खोल पाण्यात शिरल्यावर पृष्ठभागावर येऊन एक क्षण थांबायचे, श्वास घ्यायचा आणि मगच निघायचे. घड्याळ लावलेले नसते.

उत्तर: निवृत्त क्रीडाशिक्षक, वर्धा जिल्हा

कानात पाणी गेल्याने काही होत नाही. कानाचा पडदा फाटलेला असेल किंवा कान वाहत असेल तरच आधी डॉक्टरांना दाखवावे. बाहेरचे आवाज एकदम बंद होतात आणि स्वतःचा श्वास मोठ्याने ऐकू येतो, घाबरवते ते हे. म्हणून पाठीवर तरंगण्याआधी उथळ पाण्यात उभी राहून मान मागे टाक, फक्त कान बुडव आणि तोंडाने सावकाश आकडे मोज. प्रशिक्षकाचा हात डोक्याखाली असू दे, पाठीखाली नको. पाठीखाली हात असला की माणूस त्यावर बसू पाहतो आणि कंबर खाली जाते. नाक बुडवताना मान मागे जाते असे लिहिलेस, त्यावर उपाय असा की, खाली वाकण्याआधीच नाकाने हुंकार सुरू कर आणि हुंकार चालू असतानाच तोंड पाण्यात ने. हवा आधीच बाहेर पडत असली म्हणजे मान मागे ओढली जात नाही. परात जमिनीवर नको, कमरेएवढ्या उंचीच्या ओट्यावर ठेव, म्हणजे पाठ वाकून श्वास कोंडणार नाही.